ताप तोच, दार वेगळं

पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ पासून उभं आहे आणि रात्रंदिवस उघडं असतं. अशा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात अपघातातले, छातीत दुखणारे रोगी येतात, तसेच साधा ताप-खोकला झालेलेही येतात. ‘एवढ्यासाठी इथे कशाला?’ असं आपण सहज म्हणतो. पण मजुरीवरून संध्याकाळी परतणाऱ्याला जवळचा सरकारी दवाखाना बंद दिसतो आणि खाजगी डॉक्टरांची फी परवडत नाही.

मग तिथे गेलं तर बिघडलं कुठे? तातडीच्या विभागात ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम नसतो. ज्याच्या जिवाला धोका जास्त, त्याचा नंबर पहिला. साहजिकच साध्या तापाचा रोगी ताटकळत राहतो.

दुसरा मुद्दा गणिताचा आहे. समजा, एका गंभीर आजाराची चाचणी १० आजारी माणसांपैकी ९ जणांना बरोबर ओळखते, पण तो आजार नसलेल्या १०० पैकी ५ जणांनाही चुकून आजारी ठरवते. गल्लीतल्या डॉक्टरांकडे आलेल्या १००० जणांत असे आजारी १० आहेत असं धरू. चाचणी त्यांतल्या ९ जणांना ओळखेल आणि उरलेल्या ९९० पैकी सुमारे ५० जणांना उगीच घाबरवेल. आता रुग्णालयात आलेल्या १००० जणांत ३०० आजारी धरू. तिथे २७० जण बरोबर सापडतील आणि चुकीचे फक्त ३५. चाचणी तीच, पण तिच्या उत्तराची किंमत जागेप्रमाणे बदलली!

म्हणून ओळखीचे डॉक्टर लगेच चाचण्या न करता ‘दोन दिवसांनी दाखवा’ म्हणतात. घरची माहिती आणि वेळ ही त्यांची साधनं. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना रोगी पुन्हा भेटेलच असं नसतं. त्यांना सर्वांत वाईट शक्यता आधी तपासावी लागते. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात.

अर्थात धाप लागणं, शुद्ध हरपणं, छातीत जोराची कळ येणं अशा वेळी थांबायचं नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने सुमारे ५० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असं ठरवलं. पण केंद्र असणं आणि ते गरजेच्या वेळी उघडं असणं यांत फरक आहे. आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या सरकारी दवाखान्याची वेळ टिपून आणायला सांगू या, आणि शेजारी आई-वडिलांच्या कामाची वेळ लिहायला. दोन्ही वेळा जुळतात का, ते वर्गातच कळेल.