फडताळातील परिग्रह

दिवाळी जवळ आली की कन्नडच्या बाजारपेठेत मालाची मोजदाद सुरू होते. दुकान किराण्याचे असो, कापडाचे असो वा आडतीचे. कोणता माल फिरता आहे आणि कोणता पडून आहे, हे व्यापाऱ्याला वही न उघडताही ठाऊक असते. पडून राहिलेला माल जागा अडवतो, भांडवल अडकवतो आणि नफा खातो, हा धडा मुलगा गादीवर बसू लागला की पहिल्याच वर्षी शिकतो. त्याच घराच्या स्वयंपाकघरात मात्र अशी मोजणी क्वचितच होते. ताटे किती, वाट्या किती, पातेली किती, असा प्रश्न विचारला तर रोज ती हाताळणारी गृहिणीही क्षणभर थबकते.

जैन आचारात मात्र ही मोजणी फार जुनी आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत. शेत आणि घर, रुपे आणि सोने, धन आणि धान्य, दास-दासी यांच्या पाठोपाठ तेथे ‘कुप्य’ येते. घरातील हलक्या धातूंच्या वस्तू, भांडीकुंडी हे सारे कुप्यात मोडते. दिगंबर परंपरेतील बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत तर ‘भांड’ हा शब्द वेगळाच मोजला जातो. सोन्याच्या शेजारी पातेल्याला बसवणारी ही यादी अर्थपूर्ण आहे. सोन्याचा मोह ओळखता येतो. पातेल्याचा मोह गरजेच्या नावाखाली लपून राहतो.

आनंद श्रावकाची मर्यादा

मर्यादा म्हणजे दारिद्र्य, असा समज व्यापारी घरांत असण्याचे कारण नाही. उपासकदशांग सूत्रातील पहिले अध्ययन आनंद श्रावकाचे आहे. तो वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यवहारात आणि चार कोटी घरगुती पसाऱ्यात, अशी त्याच्या संपत्तीची विभागणी सूत्रात दिली आहे. भगवान महावीरांसमोर त्याने व्रत घेतले ते याच्यापुढे न जाण्याचे. म्हणजे तिजोरीप्रमाणे घरातील पसाऱ्यालाही त्याने आकडा लावला. उपभोगाच्या मर्यादेत तो आणखी बारकाईने उतरला: अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दातवण कोणते, स्नानाला पाण्याचे घडे किती, हेही त्याने ठरवून घेतले. घडे आठ होते. आजच्या दृष्टीने आठ घडे कमी नव्हेत. परंतु नववा घडा येणार नाही, हे निश्चित झाले होते. व्रताचे सामर्थ्य आकडा लहान असण्यापेक्षा तो ठरलेला असण्यात आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण महात्मा गांधींचे. मुंबईत जवाहिराचा व्यापार करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांचा प्रभाव त्यांनी स्वतः मान्य केला होता. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली; त्यांत अपरिग्रहाचा विषय होता. पुढच्या वर्षी गोलमेज परिषदेला जाताना मार्सेलिसच्या बंदरावर जकात अधिकाऱ्याला त्यांनी आपली मालमत्ता सांगितली, तेव्हा चरखे आणि पंचे यांच्याबरोबर त्या यादीत तुरुंगातील भांडीही होती.

भांडी येतात कोठून?

स्वयंपाकघरातील भांडी बहुधा ठरवून घेतलेली नसतात. ती साचत जातात. लग्नात आहेर येतो, वास्तुशांतीला भेट येते, जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारीण स्टीलचा डबा देऊन जाते. धनत्रयोदशीला एखादे भांडे घेतलेच पाहिजे, अशी रीत पडते. ज्या दिवसाला जैन परंपरेत ‘धन्यतेरस’ असेही म्हणतात आणि ज्याच्या पाठोपाठ सर्वस्वत्यागी महावीरांचा निर्वाणदिन येतो, त्या दिवशी घरात आणखी एक पातेले यावे, याचा विचार करण्यासारखा आहे. पूर्वी पितळेच्या भांड्यांना वेळोवेळी कल्हई करावी लागे. तो खर्च आणि खटाटोप असल्याने भांड्यांच्या संख्येला आपोआप आळा बसे. स्टीलला कल्हई नको, ते गंजत नाही, फुटत नाही. त्यामुळे एकदा पोटमाळ्यावर गेलेले भांडे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहते.

उष्टे आणि पाणी

भांडी जास्त असली तर बिघडले कोठे, असा प्रश्न येथे येतो. जागा आहे, पैसा आहे, मग अडचण कसली? याचे उत्तर अपरिग्रहाइतकेच अहिंसेत आहे.

श्वेतांबर परंपरेत लहानपणापासून शिकवले जाते की उष्ट्यात दोन घटिकांनंतर, म्हणजे ४८ मिनिटांनंतर, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते. ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत यातूनच आली. आता मांडणीवर चाळीस ताटे असलेल्या घराचा विचार करावा. सकाळचे ताट धुतले नाही तरी दुपारी दुसरे मिळते, दुपारचे राहिले तरी संध्याकाळी तिसरे मिळते. मोरीतला ढीग रात्रीपर्यंत वाढत जातो. ताटे मोजकीच असतील तर पुढच्या जेवणाआधी ती धुवावीच लागतात. भांड्यांची विपुलता आळसाला सवड देते आणि त्या सवडीत हिंसा घडते. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. भांडी थोडी असली तर तीही उजेडातच घासून होतात आणि दिव्याभोवती जमणारे किडे पाण्यात मरण्याचा प्रसंग टळतो.

पाण्याचा हिशेबही असाच आहे. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला एक ताट, दोन वाट्या, एक पेला आणि एक चमचा दिला की एका जेवणाची पंचवीस भांडी होतात, दोन जेवणांची पन्नास. स्वयंपाकाची आणि चहाची वेगळीच. भाजी कढईतून वाढपाच्या भांड्यात काढली की एकाच भाजीपायी दोन भांडी विसळावी लागतात. अप्कायाच्या जीवांची यतना सांगणाऱ्या धर्मात ही गोष्ट क्षुल्लक नाही. दशवैकालिक सूत्राच्या पिंडैषणा अध्ययनात, भिक्षा वाढण्यासाठी कच्च्या पाण्याने मुद्दाम धुतलेला हात, पळी वा भांडे साधूला वर्ज्य सांगितले आहे. एक पळी धुण्याच्या पाण्याचा विचार जेथे शास्त्रकारांनी केला, तेथे रोजच्या पन्नास भांड्यांचा विचार गृहस्थाने करावयास हवा. मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ सोसला आहे आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेले पाणीही पाहिले आहे. येथे पाण्याची काटकसर धर्माने सांगितली नसती तरी परिस्थितीने शिकवलीच असती.

आणखी एक पैलू बहुधा दुर्लक्षित राहतो. पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे: आश्रितांवर शक्तीबाहेर भार लादणे. भांड्यांचा ढीग कोणी ना कोणी घासतोच. ती घरची सून असते किंवा कामाला येणारी बाई. परिग्रहाचा संकल्प पुरुषाने करावा आणि त्याचा भार तिने वाहावा, ही विसंगती आहे. म्हणून भांड्यांचा आकडा ठरवताना पहिला शब्द घासणाऱ्या हातांचा असावा.

पाहुणे आले तर?

खरा पेच येथे आहे. अतिथिसंविभाग हेही श्रावकाचे व्रत आहे. दारी आलेल्याला सन्मानाने जेवू घालणे ही व्यापारी घराची अब्रू मानली जाते, आणि भरलेली मांडणी ही त्या अब्रूची साक्ष. तरीही वर्षातून दोन दिवसांच्या पंगतीसाठी तीनशे त्रेसष्ट दिवस भांडी सांभाळावीत का? अनेक गावांत याचे उत्तर पूर्वजांनीच देऊन ठेवले आहे. मोठी पातेली, पराती, ओगराळी, पंगतीची ताटे ही संघाच्या किंवा पंचायतीच्या मालकीची असतात. कार्य निघाले की ती न्यावीत, घासून परत करावीत. एकाची साठवण सर्वांच्या उपयोगी पडते आणि कोणाच्याही घरात ती परिग्रह होत नाही. साधू-साध्वींसाठी तर घरात भांडी वाढवण्याचे कारणच नाही. श्वेतांबर साधू आपली काष्ठपात्रे घेऊन गोचरीला येतात, दिगंबर मुनी उभ्याने करपात्रात आहार घेतात. कन्नडपासून जवळच असलेल्या वेरूळच्या जैन लेण्यांत, ३० ते ३४ क्रमांकांच्या गुंफांत, वेलींनी वेढलेले ध्यानस्थ बाहुबली आहेत. राज्य सोडणाऱ्याच्या हाती वाटीही उरली नव्हती. गृहस्थाला तितके जमणार नाही. दिशा मात्र तीच आहे.

आरंभ कसा करावा?

दशलक्षण पर्वातील उत्तम आकिंचन्याचा दिवस किंवा संवत्सरीनंतरचा एखादा रविवार यासाठी योग्य ठरेल. पोटमाळ्यासह सर्व भांडी खाली काढावीत आणि तीन वाटण्या कराव्यात: रोज लागणारी, सणाला लागणारी आणि वर्षभरात एकदाही न निघालेली. ताटे घरातील माणसांइतकी आणि वर दोन. पेला ज्याचा त्याने दिवसभर एकच वापरावा. एक कढई, एक तवा, एक परात, कुकर, दूध-वरणासाठी दोन-तीन पातेली, मिसळणाचा डबा. यांत बहुतेक घरांचा स्वयंपाक होतो. तिसरी वाटणी भोजनशाळेला, धर्मशाळेला किंवा नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला द्यावी. मोडीत घालायची झाली तर रोख घ्यावी. ‘जुने द्या, नवे घ्या’ या सौद्यात आकडा कमी होत नाही.

हात अडखळतो तो नाव घातलेल्या भांड्यांपाशी. सासूबाईंच्या लग्नातले पितळेचे पातेले, आजोबांचे नाव कोरलेला तांब्या. शास्त्राने परिग्रहाचे मूळ मूर्च्छेत, आसक्तीत सांगितले आहे, ते येथे अनुभवास येते. अशी वीस भांडी पोटमाळ्यावर धूळ खात ठेवण्यापेक्षा त्यांतील एक कल्हई करून रोजच्या वापरात आणावे. तांब्यावरचे नाव मग घरातील मुले रोज वाचतील आणि आजोबांविषयी विचारतील.

उरलेल्या भांड्यांचा आकडा वहीपूजनाच्या दिवशी घरच्या वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तो पडताळून पाहावा; एखादे नवे भांडे घरात आले असेल, तर त्याच्या बदल्यात कोणते गेले, हेही त्याच ओळीत नोंदवावे.