भय, भूत आणि मनोविश्लेषक : डॉ. सुधीर कक्कर

जुन्या दिल्लीत किराणा मालाचे दुकान चालविणारे एक एक्कावन्न वर्षांचे गृहस्थ डॉ. सुधीर कक्कर यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. उपाय मात्र त्यांना एकाच तक्रारीवर हवा होता. काही काळापासून त्यांना सारखे भय वाटे. कशाचे, ते सांगता येत नसे. डोकेदुखी तर पौगंडावस्थेपासूनची. पण तिचे कारण त्यांना पक्के ठाऊक होते. पोटातील वायू वर चढतो आणि डोक्यातील शिरांवर दाबतो, असे ते म्हणत. सुमारे तीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या काही महिन्यांत, पोटात असह्य कळा येऊन त्यांचे वजन झपाट्याने घटले होते. वडिलांनी रुग्णालयात नेले, क्ष-किरण तपासणी झाली, काही निघाले नाही. डॉक्टरांनी जीवनसत्त्वे आणि टॉनिके लिहून दिली. गुण आला तो मांत्रिकाच्या उपायांनी. नव्या सासऱ्यानेच करणी केली आहे, असे त्याचे निदान होते! दोन महिन्यांत गृहस्थ बरे झाले.

वाचकहो, सासऱ्याचा भाग वगळला तर ही कथा आपल्यापैकी कित्येकांच्या नात्यागोत्यात घडलेली असेल. कक्कर यांनी आपल्या लेखनात या रुग्णाला रामनाथ असे नाव दिले आहे. त्यांच्याकडे येण्यापूर्वी रामनाथ ॲलोपथी आणि होमिओपथीचे डॉक्टर, वैद्य, हकीम, मानसोपचारतज्ज्ञ आणि दोन मांत्रिक इतक्यांच्या पायऱ्या चढले होते. तिसऱ्या मांत्रिकाकडे जाण्याचा विचार चालूच होता. अशा माणसासमोर व्हिएन्नात जन्मलेले शास्त्र घेऊन बसणाऱ्याने काय करावे? कक्कर यांचे पुढील सारे आयुष्य एका अर्थाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले.

त्यांचा जन्म १९३८ साली नैनीताल येथे झाला. वडील सरकारी अधिकारी. फाळणीच्या सुमारास ते रोहतकला अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी होते. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या गावी नऊ वर्षांच्या सुधीरने पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेले आपलेच नातलग पाहिले, त्यांच्या तोंडून कत्तलींच्या हकिकती ऐकल्या. पुढे, १९९० मधील हैदराबादच्या दंगलींवर त्यांनी ग्रंथ लिहिला, तेव्हा या आठवणी त्यात पुन्हा उमटल्या.

शिक्षणाची वाट मात्र मनाच्या शास्त्राकडे जाणारी मुळीच नव्हती. गुजरात विद्यापीठाची यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी, जर्मनीत मानहाइम येथे व्यापारी अर्थशास्त्र, व्हिएन्ना विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट. मुलगा कोणती शाखा घेणार या चिंतेने दहावीच्या निकालापासून झोप उडालेल्या पालकांनी ही यादी अवश्य वाचावी.

वळण आले ते अहमदाबादेत. त्यांची मावशी कमला चौधरी या स्वतः मानसशास्त्रज्ञ. वस्त्रोद्योगाच्या संशोधन संस्थेत त्यांनी मानसशास्त्र विभाग सांभाळला होता आणि पुढे भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९६० नंतरच्या त्या वर्षांत एरिक एरिक्सन हे ख्यातनाम मनोविश्लेषक गांधीजींवरील ग्रंथाच्या निमित्ताने अहमदाबादेत आले. त्यांच्या सहवासात कक्कर यांना आपले काम सापडले. या एरिक्सनांपाशी विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. तरुणपणी ते चित्रकार म्हणून भटकले आणि मग व्हिएन्नात ॲना फ्रॉइड यांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या पाठोपाठ कक्कर हार्वर्डला गेले आणि १९७१ मध्ये, तेहतिशीच्या उंबरठ्यावर, फ्रँकफर्टच्या सिग्मंड फ्रॉइड संस्थेत त्यांनी रीतसर प्रशिक्षण सुरू केले.

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असतो. तो औषध देऊ शकतो. मनोविश्लेषक बोलू देतो आणि ऐकतो. मात्र दुसऱ्याचे ऐकण्यापूर्वी त्याला स्वतः रुग्णाच्या जागी पडून, महिनोन्महिने, बहुधा वर्षानुवर्षे, आपले मन दुसऱ्या विश्लेषकापुढे उलगडावे लागते. कक्कर यांनी ते जर्मन भाषेत, एका जर्मन विश्लेषकापुढे उलगडले. आपल्या बालपणात आई-वडिलांइतकेच इतर वडीलधारे, चुलते, आत्या, मावश्या यांचे स्थान होते. समोरच्या भल्या माणसाच्या चित्रात मात्र आई, वडील आणि मूल एवढेच कुटुंब होते. पुढे त्यांनी प्रांजळपणे लिहिले, की हळूहळू हे अंतर जाणवेनासे झाले. पण ते मिटले म्हणून नव्हे, तर आपणच नकळत विश्लेषकाच्या कल्पनेशी जुळवून घेत गेलो म्हणून. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो प्रामुख्याने या कबुलीमुळे.

१९७५ मध्ये त्यांनी दिल्लीत व्यवसाय मांडला. काही काळ ते दिल्लीच्या आयआयटीत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे विभागाचे प्रमुखही होते. भारतात मनोविश्लेषण नवे नव्हते. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती आणि फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. परंतु दिल्लीच्या खोलीत कक्कर यांना जे भेटले, ते त्यांच्या प्रशिक्षणात नव्हते. रुग्ण त्यांना गुरू मानून येई. आपण बोलायचे आणि डॉक्टरांनी मौन पाळायचे, हा करार त्याला समजत नसे. त्याला उपदेश हवा असे, आपुलकी हवी असे, घरच्या माणसाप्रमाणे चौकशी हवी असे. गुरुपद कक्कर यांनी स्वीकारले नाही. पण फ्रँकफर्टमध्ये शिकलेला अलिप्तपणाही त्यांनी सैल केला. रुग्णाविषयी वाटणारी कळकळ उघडपणे दिसू द्यावी, हे त्यांना येथे शिकावे लागले.

भाषांतर हा प्रस्तुत लेखकाचा रोजचा धंदा असल्याने येथे थोडे थांबावेसे वाटते. अबोध मन, नेणीव, अंतर्मन असे सुबक शब्द आपण मराठीत घडविले. रामनाथ यांच्या बोलीत मात्र यांतला एकही नव्हता. त्यांच्यापाशी पोट होते, वायू होता आणि करणी होती. डॉक्टर आणि रुग्ण एकाच शहरातले असूनही त्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम शिल्लक होते, आणि ते कक्कर यांनाच करायचे होते.

म्हणून ते उपचारांच्या त्या दुसऱ्या जगात स्वतः गेले. दिल्लीतील पट्टेशाहच्या दर्ग्यातील पीर, आदिवासी भगत, तिबेटी वैद्य या सर्वांजवळ ते बसले. जयपूर-आग्रा रस्त्यालगतच्या मेहंदीपूरच्या बालाजीच्या मंदिरात त्यांनी भुताने झपाटलेल्यांचे निरीक्षण केले. (येथील बालाजी म्हणजे व्यंकटेश नव्हे, आपला मारुती.) या अभ्यासातून निघालेला ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. भूत खरे की खोटे, या वादात ते शिरले नाहीत. मुकाटपणे सोसणाऱ्या सुनेच्या तोंडून भूत बोलू लागले, की घराला ऐकावेच लागते, हे त्यांनी टिपले. रुग्ण तेथे एकटा येत नाही, नातलग सोबत राहतात. एवढेच नव्हे, तर रुग्णाची बाधा कधी कधी नातलग स्वतःच्या अंगावर घेतो, हेही त्यांनी पाहिले. शहरातल्या दवाखान्यात आपण नातलगांना बाहेरच्या बाकावर बसवितो.

गाणगापूर पाहिलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. परंतु कोणी या ग्रंथाला मांत्रिकांचे प्रशस्तिपत्र समजू नये. झपाटलेल्याला मारहाण करणे, साखळीने बांधणे, धुरी देणे असे प्रकार आपल्याकडे घडत आले आहेत. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आणि मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास मनाई करणारा २०१७ चा केंद्रीय मानसिक आरोग्य कायदा त्यासाठीच करावे लागले. उलट, आठवड्यातून चार-पाच बैठका आणि तेही वर्षानुवर्षे, हा मनोविश्लेषणाचा खर्चही सामान्य कुटुंबाला झेपणारा नाही. ही मर्यादा लहान म्हणता येणार नाही.

२००३ च्या सुमारास कक्कर दिल्ली सोडून गोव्यात बाणावलीला स्थायिक झाले. धर्माच्या जर्मन अभ्यासक असलेल्या पत्नी कॅथरिना यांच्यासह त्यांनी भारतीय माणसाच्या स्वभावावर एक ग्रंथ लिहिला, कादंबऱ्या लिहिल्या, २०११ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. २०२४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

रामनाथ यांना त्या साऱ्या धडपडीत थोडा विसावा एकाच ठिकाणी मिळत असे, असे कक्कर यांनी नोंदविले आहे: ब्रह्माकुमारी पंथाच्या आठवड्याच्या सत्संगात, चारचौघांत बसून.