बोटांची बाराखडी

मेहकरात लोक मला विचारतात, "सर, मोबाइल सगळं वाचून दाखवतो, मग ही टिंबं कशाला?" मी म्हणतो, ऐकून ऱ्हस्व-दीर्घ पक्कं होत नाही. बोटाखालून गेलं की होतं.

ब्रेल या अंधांच्या लिपीचा सगळा खेळ सहा टिंबांचा. दोन उभ्या ओळी, एकेकीत तीन. पहिलं टिंब एकटं म्हणजे 'अ', पहिलं-दुसरं मिळून 'ब', पहिलं-तिसरं 'क'. छापील 'कि'मध्ये वेलांटी आधी येते. आमच्याकडे आधी 'क', मग 'इ'. बोलतो तसंच, आणि मला तेच जास्त शहाणपणाचं वाटतं. पाटीत कागद अडकवून टोकदार स्टायलसनं उजवीकडून डावीकडे टोचायचं, मग कागद उलटून डावीकडून वाचायचं. नवी पोरं इथंच गडबडतात.

वाचायला 'स्पर्शज्ञान' आहे, स्वागत थोरातांनी २००८ साली सुरू केलेलं मराठी ब्रेल पाक्षिक. ब्रेलचे अंक जाडजूड, पण टपाल खातं त्यांचे पैसे घेत नाही.

पण ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला बोलणाऱ्या मोबाइलचा काय उपयोग? त्याच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर गिरवता येतं, किंवा खुणा करणाऱ्याच्या हातांवर तो आपले हात ठेवतो. अशा मुलांसाठी मुंबईत हेलन केलर संस्था १९७७पासून आहे. आमच्या जिल्ह्यातून मात्र ती रात्रभराच्या प्रवासावर, आणि लेकरू असतं पाच-सहा वर्षांचं.