पिक्चर ट्यूबचे डॉक्टर गेले कुठे?

मित्रांनो, भिंतीवर तसबिरीसारखा टांगलेला टीव्ही पाहून तुम्हाला वाटत असेल, टीव्ही हा असाच असतो. पण जरा आईबाबांना विचारा. त्यांच्या लहानपणी टीव्ही म्हणजे एक भलंमोठं खोकं असायचं आणि त्याला पाठीमागे ही एवढी ढेरी! त्या ढेरीत असायची काचेची पिक्चर ट्यूब. चित्र दिसेनासं झालं आणि दुरुस्तीवाल्याने मान हलवून ‘‘ट्यूब गेली,’’ असं सांगितलं, की घरातल्या सगळ्यांचे चेहरे पडत. कारण टीव्हीतला सर्वांत महागडा भाग तोच.

पण गंमत अशी, की गेलेली ट्यूब परत येऊ शकत असे! आपल्याकडे भांड्याची कल्हई उडाली म्हणून कोणी भांडं फेकून देत नसे. कल्हईवाला यायचा, भाता चालवायचा आणि भांडं पुन्हा चकचकीत करून द्यायचा. तसेच पिक्चर ट्यूबला नवा जन्म देणारे कारागीर होते. अमेरिकेत एकेकाळी अनेक शहरांत त्यांच्या कार्यशाळा चालत. त्या एकेक करून बंद कशा झाल्या आणि त्यामुळे कोणाचं काय अडलं, त्याचीच ही गोष्ट.

काचेच्या पोटात काय असतं?

पिक्चर ट्यूब म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची मोठी काचेची बाटली. तिच्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली असते. निमुळत्या मानेत ‘इलेक्ट्रॉन गन’ बसवलेली असते. गनमधली एक छोटीशी तार तापते, तिच्याजवळचा कॅथोड गरम होतो आणि त्याच्यावरच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हजारो व्होल्टच्या ओढीने ते पडद्याकडे धावत सुटतात. पडद्याला आतून फॉस्फर नावाच्या पदार्थाचा थर असतो. इलेक्ट्रॉन आदळला, की फॉस्फर चमकतो.

रंगीत ट्यूबमध्ये गन एक नाही, तीन. पडद्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या फॉस्फरचे बारीक ठिपके असतात. त्यांच्या अलीकडे लाखो छिद्रांचा पातळ पत्रा असतो. त्याला म्हणतात ‘शॅडो मास्क’. प्रत्येक गनचा मारा फक्त तिच्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा, ही त्या पत्र्याची कामगिरी.

वर्षानुवर्षं वापरून कॅथोडवरचा लेप झिजतो. मग इलेक्ट्रॉन कमी निघतात आणि चित्र अंधूक होतं. कधी एकच गन थकते. लाल गन थकली तर पडद्यावरची माणसं निळसर-हिरवी दिसू लागतात! कधी आतली तार तुटते, तर कधी एखाद्या सांध्यातून आत हवा शिरते. बाकी काच, मास्क, फॉस्फर सगळं धडधाकट असतं. मग एवढी मोठी काच फेकायची कशाला?

शस्त्रक्रिया!

आता या डॉक्टरांचं काम कसं चाले ते बघा. आधी ट्यूबमध्ये अगदी हळू हवा सोडायची. घाई केली तर जोराने घुसणारी हवा फॉस्फरचा थर खरवडून टाकील. मग काचेची मान कापायची आणि जुनी गन बाहेर काढायची. गॅसच्या ज्योतीवर काच मऊ करून नवी मान जोडायची आणि तिच्यात नवी गन बसवायची. गन केसभर जरी तिरकी बसली तरी रंग जागेवर पडत नाहीत.

त्यानंतर ट्यूब भट्टीत जाते. तिथे ती तीनशे अंश सेल्सिअसच्याही वर तापवतात आणि त्याच वेळी पंप आतली हवा खेचत राहतो. तापवायचं कशासाठी? तर काचेला आणि धातूला चिकटून बसलेले वायू सुटे व्हावेत म्हणून. हे काम कित्येक तास चालतं. तापवणं हळूहळू, निववणंही हळूहळू. नाहीतर काचेला तडा गेलाच म्हणून समजा. शेवटी पंपाकडे जाणारी बारीक नळी वितळवून बंद करायची. मग आत ठेवलेला बेरियम धातू बाहेरूनच तापवून उडवायचा, म्हणजे उरलीसुरली हवा तो शोषून घेतो. इतकं झाल्यावर नव्या कॅथोडला ‘जागं’ करायचं, की ट्यूब तयार.

आणि यात धोका केवढा! हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. सुरुवातीच्या २१ इंची गोल रंगीत ट्यूबचा हिशेब केला, तर तिच्या नुसत्या तोंडावर दोन टनांहून जास्त भार येतो. जरा चूक झाली, की ट्यूब आतल्या आत फुटून काचा चहूकडे उडतात. म्हणून, बरं का मित्रांनो, अडगळीतला जुना टीव्ही स्वतः उघडायचा नाही. बंद केल्यानंतरही त्यात वीज साठून राहिलेली असू शकते.

हजार डॉलरचा टीव्ही

भारतात १५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत राष्ट्रीय प्रसारण सुरू झालं. अमेरिकेत ही पद्धत डिसेंबर १९५३ मध्ये मंजूर झाली होती. लगेच १ जानेवारी १९५४ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथली फुलांच्या रथांची मिरवणूक देशाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत रंगीत दाखवली गेली. त्याच वर्षी आरसीए कंपनीने ‘सीटी-१००’ हा टीव्ही बाजारात आणला. किंमत हजार डॉलर! त्या काळी साधी नवी मोटार घ्यायला जेवढे पैसे लागत, त्याच्या निम्म्याहून जास्त. असे टीव्ही बनले चार-पाच हजारच.

त्याच्या ट्यूबचं नाव १५जीपी२२. या ट्यूबच्या काही गोष्टी पुढच्या ट्यूबांत राहिल्या नाहीत. तिच्यातला फॉस्फर लाल आणि हिरवा रंग फार गडद दाखवत असे, पण चित्र जरा मंद दिसे. नंतर कंपन्यांनी चित्र उजळ व्हावं म्हणून फॉस्फर बदलले. म्हणजे १९५४ सालच्या लोकांनी जे रंग पाहिले, ते पाहायचे तर त्या काळची चालू ट्यूबच हवी. आणि नेमकी हीच ट्यूब दगा देते. धातू आणि काच यांच्या सांध्यातून तिच्यात हळूहळू हवा झिरपते. कपाटात जपून ठेवलेली, एकदाही न वापरलेली ट्यूबसुद्धा अशी मरू शकते.

दारं बंद होत गेली

पन्नास-साठच्या दशकांत नवी रंगीत ट्यूब इतकी महाग होती, की दुरुस्त केलेली ट्यूब घेणं शहाणपणाचं ठरे. पुढे टीव्ही स्वस्त झाले आणि कारागिराची मजुरी वाढली. दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही बरा, असं लोक म्हणू लागले. मग आले चपटे पडदे. २००८ साली सोनीने आपल्या प्रसिद्ध ट्रिनिट्रॉन टीव्हीचं उत्पादन थांबवलं. नव्या ट्यूब बनेनाशा झाल्या, तशा नव्या गनही मिळेनाशा झाल्या.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात ‘हॉक-आय’ नावाची कार्यशाळा तग धरून होती. टीव्हीच्या ट्यूब नव्याने बांधून देणारी ती त्या देशातली शेवटची. २०१० साली तीही बंद झाली. फ्रान्समध्ये ‘आरएसीएस’ नावाची कार्यशाळा उरली होती. तिने २०१३ साली काम थांबवलं.

आता पेच बघा. जुने रंगीत टीव्ही जपणारी संग्रहालयं आणि हौशी लोक यांना या कारागिरांची नितांत गरज. पण गिऱ्हाईकं मोजकीच. वर्षाकाठी थोड्याशा ट्यूब आल्या तर भट्टीचा आणि पंपाचा खर्च कसा निघणार? गरज होती, पण तिच्यावर पोट भरत नव्हतं.

यंत्रं वाचली, पण हात?

ओहायो राज्यात हिलियर्ड गावी जुन्या टीव्हीचं एक संग्रहालय आहे, ‘अर्ली टेलिव्हिजन म्युझियम’. हॉक-आय बंद झाल्यावर तिथली यंत्रं या संग्रहालयाने मिळवली. भट्ट्या, पंप, काच जोडायची साधनं, सगळं हातचं जाऊ नये म्हणून. आणि हौशी मंडळी ट्यूब बांधायला शिकू लागली.

पण यंत्र आणणं सोपं, कसब आणणं अवघड. काच किती लाल झाली म्हणजे जोड पक्का बसेल? तडा जायच्या आधी ज्योत कधी मागे घ्यायची? हे पुस्तकात वाचून कळतं थोडं, हाताला कळतं जास्त. ज्याने हजारो ट्यूब हाताळल्या, त्याच्या शेजारी उभं राहूनच ते शिकावं लागतं. त्याने दुकान बंद केलं आणि शेजारी शिकणारा कोणीच नसला, की पुढच्याला फुटक्या काचांपासून सुरुवात करावी लागते.

कोणी म्हणेल, जुन्या खोक्यात नवा चपटा पडदा बसवला तर काय बिघडलं? दिसेल की चित्र! दिसेल, पण ते आजचं चित्र असेल. १९५४ सालचे लाल आणि हिरवे रंग त्यात नसतील. हे म्हणजे आजोबांच्या किल्लीच्या घड्याळात बॅटरीचं यंत्र घालण्यासारखं झालं. वेळ बरोबर दाखवील, पण ते आजोबांचं घड्याळ उरणार नाही.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. तुमच्या गावात कल्हईवाला, घड्याळजी, हार्मोनियम दुरुस्त करणारा, रेडिओ-टीव्हीचा जुना मेकॅनिक, कोणीतरी असेलच. आईबाबांना बरोबर घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांच्या कामात न लुडबुडता शेजारी बसा, बघा, प्रश्न विचारा आणि वहीत लिहून ठेवा. हाताने काय करतात ते तर लिहाच, पण ‘आता पुरे’ हे त्यांना कशावरून कळतं, तेही विचारा. नेमकी तीच गोष्ट कुठल्याही यंत्राबरोबर येत नाही.