पाहण्याचे पैसे नाहीत

सकाळी 6.50
वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, जुन्या वस्तीतलं घर. ओट्यावर स्टीलची डबी, डबीत पाणी, पाण्यात चौदा शिवराया, मराठेशाहीतली तांब्याची नाणी. पाणी बॅटरीत घालायचं, 25 रुपयांची बाटली. नळाच्या पाण्यातला क्षार तांब्यावर बसतो, म्हणून हे. चार दिवस झालेत भिजत घालून. आज दिवसभर मी घड्याळवाल्या काकांसोबत आहे. काका एकेक शिवराई उचलतात, मऊ ब्रशने कडेची माती सोडवतात, परत पाण्यात टाकतात. घासत नाहीत. "लोक चिंच लावून लखलखीत करून आणतात. दीडशे वर्षांचा रंग दोन मिनिटांत जातो. मग मी काय घेऊ त्यातलं?"

सकाळी 9.15
दुकान घड्याळदुरुस्तीचं. सहा फूट बाय सात. पाटी घड्याळांची, पण आत भिंतीवर खडूने एक ओळ: नाणं पाहण्याचे पैसे नाहीत. हत्यारं दोन्ही धंद्यांना तीच. डोळ्याला लावायचं दहापट भिंग, चिमटा, एका ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, जुना व्हर्नियर. लोहचुंबक तेवढं फुटक्या स्पीकरमधून काढलेलं. काटा सुरू केला की आधी 100 ग्रॅमचं वजन ठेवून बघायचं. आज 100.00. मग अगरबत्ती.

पहिलं गिऱ्हाईक सेलचं. 60 रुपये. सेल पडतो 15 ला.

सकाळी 10.05
कॉलेजचा पोरगा. पाकिटात पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट, मोबाइलमध्ये व्हिडिओ.
"काका, याचे लाखो भेटतात म्हने."
"कोन देते?"
"थो मानूस नोंदणीचे एकवीसशे मांगते आधी."
"भरले?"
"नाई अजून."
"मंग भरू नको. नोट खर्चून टाक नाईतर ठेव जपून."
अशा सौद्यांत आपलं नाव वापरलं जातंय, फसू नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलं होतं. ते पत्रक काकांनी छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. पोरगा ते वाचत नाही. नोट घडी करून निघून जातो. काकांची वीस मिनिटं गेली.

सकाळी 11.20
तांड्यावरची एक म्हातारी. पदराच्या गाठीत नऊ रुपये, हारातून सोडवलेले. प्रत्येकाला वर नाकं, नाक्याला चांदीचा डाग. काका तिला याडी, म्हणजे आई, म्हणतात, स्टुलावर बसवतात, नऊही नाणी मखमलीच्या तुकड्यावर मांडतात आणि बोलत बोलत ढीग करतात.

तीन राणीछाप. एक एडवर्ड, हा बिनमुकुटाचा. दोन पाचवा जॉर्ज. हे सहा एका बाजूला. इंग्रजी रुपया 1835 पासून एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि शंभरात 91.7 भाग चांदी. पुढचे दोन 1944 चे. वजन तेच, तोंडावर राजाही तसाच रुबाबदार, पण चांदी निम्मीच. युद्धाच्या काळात 1940 पासून सरकारने ती उतरवली. काका नाणं आडवं धरून म्हातारीला काठ दाखवतात. काठाच्या दातऱ्यांमधून एक चीर गोल फिरलेली. "हे दिसलं की अर्धी चांदी. सोनारानं सांगतलं होतं?"
"थो म्हने सब सारखेच."
नववा वाघाचा, 1947 चा. चुंबक जवळ नेलं तसा टुपकन चिकटला. निकेल. म्हातारी हसली. इतकी वर्षं तो मधोमध मिरवत होता.

आता भाव. नाक्याचा डाग बसलेलं नाणं संग्राहक घेत नाही. उरते ती चांदी. काका हे लपवत नाहीत. सराफाला फोन करून आजचा भाव विचारतात, फोन स्पीकरवर ठेवून. वापरून झिजलेली राणी भरली 11.30. नाकं वजा केल्यावर. त्यात शुद्ध चांदी 10.36 ग्रॅम. भावात दहा टक्के घट काकांची. तिला नातीची फी भरायची आहे, दोन पुरतात. दोन देते, सात गाठीत बांधते. वाघ पुन्हा मधोमध जाणार असं म्हणते.

दुपारी 12.40
निवृत्त गुरुजी. निजामाचा चारमिनारवाला हाली सिक्का, आजोबांच्या ट्रंकेतला. 11.16 भरला, असायला हवा 11.18. चांदी शंभरात 81.8. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात, पण इथून हिंगोलीकडे उतरलं की निजामाचं राज्य. बैलगाड्यांबरोबर रुपयेही सीमा ओलांडायचे. गुरुजींना विकायचा नाही. खरा आहे एवढंच ऐकायचं होतं. चहा त्यांनी पाजला.

दुपारी 1.30
भाकरी, ठेचा, कांदा. दोन पट्टे बघून ठेवले, एक विकला गेला.

दुपारी 2.30
भंगारवाला. महिन्यातून दोनदा येतो. आज पाच नाणी. तीन भोकाचे पैसे, दहा-दहाने घेतले. एक वीस पैशाचं अॅल्युमिनियमचं, परत. पाचवं त्याने वेगळ्या खिशातून काढलं: 1939 चा रुपया. हा दुर्मीळ, त्याला ठाऊक आहे. म्हणून वेगळा खिसा.

वजन 11.64. चुंबकाला चिकटला नाही. टिचकी मारली तर आवाजही बरा. भंगारवाला खूश. काका मात्र गप्प. त्यांनी काट्यावर प्लास्टिकचा कप ठेवला, अर्धा पाण्याने भरला, आकडा शून्यावर आणला. रुपयाला शिलाईचा दोरा बांधून पाण्यात सोडला. तळाला टेकू द्यायचा नाही, काठाला लागू द्यायचा नाही. दोघांनी श्वास धरला, मीही. नाणं जेवढं पाणी सारतं तेवढं वजन काट्यावर चढतं. चांगल्या चांदीच्या रुपयाला 1.13 चढायला हवं.

चढलं 1.31.

पुन्हा केलं. 1.31. चांदीपेक्षा हलक्या धातूचा, म्हणून वजन जमवायला किंचित जाड केलेला. मग भिंग. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावलेल्या, गालावर सुईच्या टोकाएवढी भोकं. ठशाचा नाही, ओतीव. "कितीले घेतला?" भंगारवाल्याने आकडा सांगितला नाही. रुपया त्याच वेगळ्या खिशात ठेवला.

दुपारी 4.10
रस्त्याच्या कामावरचा एक जण. रुमालात आठ काळपट नाणी, ओली माती तशीच. काका हात लावत नाहीत, भिंगातून वरूनच बघतात. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती. दुसऱ्या बाजूला अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार गोळे. सातवाहन. पोटीन असावं, तांब्यात कथील-शिसं मिसळलेलं.

हे इथे नवल नाही. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये अशा नाण्यांचा साठा निघाला, सोळाशेच्या आसपास. संशोधक वा. वि. मिराशींनी तो वाचला आणि पुराणांतल्या याद्यांत न सापडणारे सातवाहन राजे त्या मातकट चकत्यांवर भेटले. ते जमलं, कारण साठा एकत्र राहिला. सुटं नाणं तेवढं सांगत नाही.

"किती द्यान?"
"काईच नाई. कुठी निघाले?"
माणूस गप्प. काका कायदा सांगतात, 1878 चा: जमिनीत दडलेली, दहा रुपयांवरची चीज सापडली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. "तहसीलात जा. मी येतो संग, दुकान बंद करून." माणूस रुमाल बांधतो. येतो म्हणतो. तहसीलाच्या दिशेने जात नाही, बसस्टँडच्या दिशेने जातो. काका दारापर्यंत येऊन बघत राहतात.

संध्याकाळी 5.45
आठवडी बाजार. दुकान ओढून काका भांड्यांच्या मोडीकडे. पोत्यात फुटके तांबे, पितळी टाळ, समया. पोत्याच्या तळाशी हात घालायचा, बोटांनी ओळखायचं. सहा शिवराया निघाल्या, पाच दुदांडी. दुदांडी म्हणजे दोन ओळींमध्ये दुहेरी रेघ असलेली, उत्तर मराठेशाहीतली, पुढे इंग्रजी अमलातही खेड्यांत चाललेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून अक्षरं काठाबाहेर सांडलेली. कुठे "राजा" आहे तर "शिव" नाही. किंमत सगळी या सांडण्यात. सहाव्या नाण्यावर "श्री राजा शिव" तिन्ही ओळी आणि मागे "छत्र पति" पूर्ण. काका चेहरा हलू देत नाहीत. चाळीसप्रमाणे सहाचे 240 मोजतात. दिवसभर सगळ्यांना सगळं उघड सांगणारा माणूस इथे मात्र तोंड मिटून राहतो. मला गंमत वाटली.

रात्री 9.00
घरी. मागच्या आठवड्यात पोस्टाने गेलेल्या तीन दुदांडींचे 450 आलेत. टपाल 60. वही उघडली. चार सेल आणि एक पट्टा, माल वजा जाता 230. गेले: शिवराया 240, भोकाचे पैसे 30, चहा 50, बॅटरीचं पाणी 25. म्हातारीच्या चांदीचं पान वेगळं, ती विकली जाईल तेव्हा.

डाव्या पानावर नाणी. पाहिली 29, घेतली 11. "4.10, हत्तीछाप 8, परत" असं लिहून खाली जागा सोडलीय.

हातात राहिले 275. सेल संपलेत, उद्या वाशीमला जायचं. एसटीचं तिकीट यातूनच.