ओट्याचा दगड आणि लिंबाची फोड

ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी दोन-तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा करायचं ठरलं, की सभासदांच्या बैठकीत चटईक्षेत्र, भाडं आणि पार्किंगवर तासन्‌तास वाद झडतात. स्वयंपाकघराच्या वाट्याला मात्र करारनाम्याच्या जोडपत्रात एखादीच ओळ येते: ग्रॅनाइटचा ओटा, स्टेनलेस स्टीलचं सिंक. ग्रॅनाइट म्हणजे नक्की कोणता दगड, हे फारसं कुणी विचारत नाही. काळा आहे, चकाकतो आहे, म्हणजे ग्रॅनाइटच असणार.

खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि थोडं अभ्रक असतं. त्याचा रंग बहुधा गुलाबी, करडा किंवा पांढुरका. दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो. आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात, चिमाकुर्तीला निघणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ही त्याच गटातला. त्यातले सोनेरी ठिपके अभ्रकाचे नसतात, ते ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे. खनिजांच्या हिशेबाने हे काळे दगड आपल्या सह्याद्रीतल्या बसाल्टचे चुलतभाऊ. तसाच शिलारस जमिनीवर येऊन भराभर थिजला की बसाल्ट, आणि जमिनीखालीच सावकाश निवला की डोलेराइट किंवा गॅब्रो. यात गिऱ्हाइकाची फसवणूक म्हणावी, तर तसंही नाही. ओट्यासाठी हे दगड उत्तमच. कठीण, घट्ट, आणि पाणी पिण्यात कित्येक फिकट ग्रॅनाइटपेक्षा संयमी.

मग ठाण्याचा स्वतःचा दगड, म्हणजे बसाल्ट, ओट्यावर का नाही? अंबरनाथचं शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं शिवमंदिर याच काळ्या दगडात उभं आहे. मुंब्र्याजवळचा सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा १९१६ साली सुरू झाला, तोही हाच दगड फोडून. घराघरातले पाटे-वरवंटे आणि जाती याचीच. अडचण कणखरपणाची नाही. दख्खनच्या बसाल्टला जागोजागी सांधे आणि चिरा असतात, कुठे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. त्यातून आठ-नऊ फुटांची अखंड पातळ लादी काढणं कठीण. मंदिराच्या चिऱ्याला किंवा पाट्याला एवढी लांबी लागत नाही.

खरा घोळ होतो तो कडाप्प्याबाबत. ‘कडाप्पा म्हणजे स्वस्तातला ग्रॅनाइट’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. दोन्ही काळे, एवढंच त्यांच्यातलं साम्य. आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा हा चुनखडक आहे. शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर यांच्याशी त्याचं नातं जवळचं, कारण या सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. मोह्‌सच्या काठिण्यमापनात कॅल्साइटचा क्रमांक ३. पोलादी सुरी साधारण साडेपाच, फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्‌झ ७. म्हणजे सुरीचा ओरखडा कडाप्प्यावर उठणारच. ग्रॅनाइटवर घासलीत तर बोथट होईल ती सुरी.

त्याहून मोठा शत्रू आंबटपणा. लिंबू, चिंच, आमसुलं, ताक, टोमॅटो यांतलं आम्ल कॅल्शियम कार्बोनेटशी भिडलं, की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दगडाचा वरचा थर विरघळतो. कोकमाच्या आगळाचं भांडं रात्रभर राहिलं, की सकाळी तिथे पांढुरकं, खरखरीत वर्तुळ दिसतं. लोक त्याला डाग समजून घासत बसतात. पण तो डाग नसतोच, तिथलं पॉलिश झिजलेलं असतं. पुन्हा पॉलिश केल्याशिवाय ते जात नाही.

तरी कडाप्पा टाकाऊ नव्हे. जुन्या घरांत त्याचे ओटे वर्षानुवर्षं टिकले, कारण चिरणं जमिनीवर विळीने होई आणि ओट्याने आरशासारखं चमकावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. आजही फडताळातले कप्पे आणि ओट्याखालचे उभे आधार यांसाठी तो चोख. त्याच्याकडून ग्रॅनाइटचं काम मागू नये, इतकंच.

पारख करायला प्रयोगशाळा लागत नाही. दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणावा, त्यावर लिंबाची फोड उपडी ठेवावी आणि तासाभराने पुसून उजेडात तिरकं धरून पाहावं. चमक उडाली असेल तर तो चुनखडक किंवा संगमरवर. दुसरी शंका रंगाची, कारण काही फिकट दगडांना काळा रंग देऊन विकलं जातं. अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून घासावा. कापूस काळा झाला तर दुकान बदलावं.

‘लिंबू-व्हिनेगरने ओटा लख्ख होतो’ हा सल्लाही दगड पाहूनच घ्यायचा. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने सिंकभोवती पांढरा थर साचतो. तो थर आणि कडाप्पा दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाला त्यांच्यात फरक करता येत नाही!

‘ग्रॅनाइटला डाग पडत नाहीत’ हे अर्धसत्य. त्यातही सूक्ष्म छिद्रं असतात, आणि फिकट रंगात त्यांतून शिरलेलं तेल उघड दिसतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतं, म्हणून फोडणीचं सांडलेलं तेल कोरड्या हळदीपेक्षा जास्त त्रास देतं. पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवल्यावर खाली गडद खूण उमटली, तर दगडाला सीलर हवा. घट्ट काळ्या दगडाला बहुधा त्याची गरज पडत नाही.

सध्याचा लाडका म्हणजे पांढरा क्वार्ट्‌झ. तो नैसर्गिक दगडाची लादी नव्हे. क्वार्ट्‌झचा चुरा साधारण नव्वद टक्के आणि बाकी मुख्यतः राळ, असं दाबून-तापवून केलेलं हे कारखान्यातलं उत्पादन. त्याचं तंत्र इटलीतल्या ब्रेटन कंपनीने विकसित केलं. तो पाणी पीत नाही, लिंबाला दाद देत नाही. पण राळेला उष्णता सोसत नाही. दीडशे अंशांच्या आसपास ती पिवळी पडू शकते. कुकरच्या आतलं तापमान १२० अंशांपर्यंत जातं, भाकरीचा तवा तर दोनशेच्या पुढे. म्हणजे तवा उतरवायला ओट्यावर जाळी हवीच. ज्या घरात रोज भाकऱ्या होतात, तिथे काळा दगड अधिक शहाणपणाचा.

ग्रॅनाइटच्या किरणोत्साराची भीती मधूनमधून डोकं वर काढते. त्यात अत्यल्प युरेनियम असतं हे खरं. मात्र अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार घरातल्या रेडॉनचा मुख्य स्रोत म्हणजे इमारतीखालची माती. काळ्या डोलेराइट-गॅब्रोत तर युरेनियम आणखी कमी.

खरा धोका असतो दगड कापणाऱ्याला, आणि त्याची चर्चा मात्र होत नाही. क्वार्ट्‌झची धूळ श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये सिलिकाचं प्रमाण खूप जास्त, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच. आपल्याकडे सिंकचं भोक अनेकदा इमारतीच्या जिन्यात, कोरड्या कटरने, तोंडाला रुमाल बांधून पाडलं जातं. ते भोक दुकानातच, पाणी सोडून कापून घ्यायचं आणि तसं ऑर्डरमध्ये लिहून घ्यायचं. घरातली धूळ वाचते आणि कारागिराची छातीही. सिंकपुढची दगडाची अरुंद पट्टी ही ओट्याची सर्वांत कमकुवत जागा. कापतानाची चीर बहुधा तिथेच जाते, म्हणून लादी बसवण्याआधी ती पट्टी खालून-वरून पाहून घ्यावी.