सासूचं घड्याळ

टोकियो : यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’ या चित्रपटात (१९५३) आईचे अंत्यसंस्कार उरकून सगळे जेवायला बसतात, तेव्हा थोरली लेक आठवण म्हणून आईचे कपडे मागून घेते. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको, काहीच मागत नाही. ती निघताना सासरे तिच्या हातात सासूचं जुनं घड्याळ ठेवतात.

ओनोमिचीहून आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी डॉक्टर मुलाला सवड नसते, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मुलीलाही नसते. दोघांची रवानगी आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर होते. रजा काढून टोकियो दाखवते ती सून. एका खोलीच्या बिऱ्हाडात शेजारणीकडून साके उसनी आणून ती सासऱ्यांचा पाहुणचार करते, सासूचे खांदे चेपून देते. ओझू मुलांना दुष्ट ठरवत नाहीत, म्हणून तर हा चित्रपट इतका खोल लागतो.

युद्धापूर्वीच्या जपानी कायद्यात घर कुटुंबप्रमुखाच्या हुकमतीत असे. घरातल्यांच्या लग्नालाही त्याची संमती लागे आणि त्याची गादी सहसा थोरल्या मुलाकडे जाई. अमेरिकी अंमलाखाली १९४७मध्ये नागरी कायदा बदलला, ही पद्धत गेली. सगळ्या मुलांना, मुलींनाही, सारखा वाटा मिळाला. म्हाताऱ्यांना सांभाळण्याची रीत मात्र थोरल्याच्याच घरात राहिली, म्हणजे त्याच्या बायकोच्या गळ्यात.

तिची दमणूक सावाको आरियोशी यांनी १९७२च्या ‘कोकोत्सु नो हितो’ या कादंबरीत मांडली. नोकरी करणारी अकिको भ्रम झालेल्या सासऱ्यांचं सगळं करते. नवरा, त्यांचा सख्खा मुलगा, लांबूनच बघतो. पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. एवढ्या घरांत हे दुखणं होतं, आणि तोवर ते घरातच दाबलं जात होतं.

एप्रिल २०००मध्ये सरकारने शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि म्हातारपणी गरज पडली की मदतनीस घरी येणार. जपानने टाकलेलं हे मोठं पाऊल होतं.

वारसाहक्कात मात्र सून परकीच राहिली. सासऱ्यांनी मृत्युपत्रात नाव घातलं नसेल, तर वर्षानुवर्षं उशापायथ्याशी बसूनही तिच्या हाती काही येत नसे. जुलै २०१९पासून ती वारसांकडे त्या सेवेचा मोबदला मागू शकते. त्यांनी नाही म्हटलं तर कौटुंबिक न्यायालयात जायचं, तेही मृत्यू आणि वारस कळल्यापासून सहा महिन्यांच्या आत.